बाजरीच्या कोठीतली मटकी

मटकीला थंडी बाधू नये म्हणून छबूबाईने तिची पुरचुंडी बाजरीच्या कोठीत निजवली आणि वरून अमृतचा लोकरीचा स्वेटर पांघरला. अमृत स्वेटरवाचून शिंकत फिरत होता. पण घरात पोरीचं लग्न ठरायचं असताना बापाच्या नाकाकडे कोण बघतं?

फेब्रुवारीत लोणखेड्याला पहाटेचा असा गारठा पडतो की कडधान्य भिजतं, फुगतं आणि तसंच रुसून बसतं. म्हणून ही कोठीची युक्ती. मटकीही तिने पारखून आणली होती. बाजारातली चकचकीत, टपोरी नको. कळसाडीच्या भाचीच्या शेतातली बारीक, तपकिरी, याच हंगामातली. जुन्या मटकीत दम नसतो असं तिचं मत होतं, आणि ते सांगताना ती नेमकी आपल्या थोरल्या दिराकडे, झिपरूआबांकडे बघायची. परातीत पसरून तिने खडे काढले, किडके दाणे काढले. भिजवल्यावर पुन्हा हात फिरवून जे दाणे न फुगता टणक राहिले होते तेही वेचले, कारण असा एक जरी दाढेखाली आला तर पाहुणा दात हातात घेऊन घरी जायचा. ते दाणे पाखरांना टाकायला म्हणून ओट्यावर वाटीत राहिले.

रविवारी दुपारी तिने पुरचुंडी सोडली आणि तिचं तोंड बाळंतिणीच्या आईसारखं फुललं. पांढरेशुभ्र मोड, बोटाच्या पेराएवढे, आणि वास अगदी गोड, आंबूस नाही.

"स्वप्ना! ये, देख! कसा जीव उना शे दानामा!"

स्वप्नाली आली, तिने चार दाणे तोंडात टाकले आणि मान डोलावली. आहारशास्त्र शिकून तिने शहाद्यात वाफवलेल्या कडधान्यांच्या डब्यांचा धंदा सुरू केला होता. जिममध्ये घाम गाळणारी पोरं आणि साखर वाढलेले मास्तर ही तिची गिऱ्हाइकं. मोडाबद्दल बोलायला लागली की ती कीर्तनकाराला ऐकायची नाही.

"नुसती वाफ काढ, मम्मी. मोड उना का 'क' जीवनसत्त्व वाढस, पोटले हलकं व्हस. पण तू उकळत बसशी तर बठ्ठं वाया जाई. आन कच्चं बी ठेवू नको. ओल्या मोडमा जंतू लवकर व्हतस."

"मी तुले जनम दिधा का तू माले?" छबूबाई म्हणाली आणि वाफेचं भांडं चढवलं.

पाहुणे यायचे होते ते शहाद्याच्या जेठमलशेठांच्या घरचे. पाइप आणि मोटरपंपांचं दुकान, राजस्थानातून आजोबांच्या काळात आलेलं जैन घराणं. त्यांचा श्रेणिक आणि आपली स्वप्नाली यांचं जमलंय हे दिवाळीत फुटलं तेव्हा झिपरूआबांनी अन्नत्याग केला होता. तो दुपारच्या चहापर्यंत टिकला. मग महिनाभर 'पाटलाची पोर' आणि 'मारवाड्याचं घर' यांवर दोन्हीकडे काथ्याकूट झाला. शेवटी श्रेणिकच्या आईने, नोजीबाईने, निरोप धाडला: आम्ही जेवायला येतो. ज्या घरात आपल्याला घास गोड लागतो, त्या घरची लेक आपल्या घरात नांदते.

मग काय चालतं, काय नाही, हे स्वप्नालीने श्रेणिकलाच फोनवर विचारलं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा-मुळा-गाजर म्हणजे जमिनीखालचं काहीच नाही, वांगं नाही, आणि सूर्य मावळायच्या आत जेवण. हे ऐकून छबूबाई आधी मटकन खाली बसली. कांदा-लसणाविना खानदेशी बाईने स्वयंपाक करायचा तरी कसा? आणि मग तिला मटकी सुचली. मटकी काही जमिनीखाली येत नाही! स्वप्नालीने तर ती कल्पना पार डोक्यावर घेतली. मटकीची उसळ झाली. मोडाच्या मुगाची कोशिंबीर झाली. मोडाच्या हरभऱ्याचा भात झाला. नागलीला, म्हणजे नाचणीला, मोड आणून तिची खीर झाली, आणि पुऱ्यासुद्धा मोड आणून वाळवलेल्या गव्हाच्या पिठाच्या. ताटात मीठ सोडलं तर मोड न आलेलं काही नव्हतं.

*

झिपरूआबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि एका पिशवीवर डोळा ठेवून होते.

पिशवी नोजीबाईच्या पायाशी होती. वर लाल कापड होतं आणि कापडाखाली काहीतरी गोल. आबांनी आयुष्यभर बाजार केलेला, त्यांना नारळ कापडाआडून कळतो. या लोकांत रुपया-नारळ मुलीच्या हातात पडला की सोयरीक पक्की, हे त्यांना ठाऊक होतं. आणि ती पक्की होऊ नये म्हणून त्यांनी सकाळीच मारुतीला नारळ कबूल केला होता. नारळाविरुद्ध नारळ. कारण कळसाडीच्या एका बागायतदाराला त्यांनी घरात कुणालाही न विचारता स्वप्नालीसाठी शब्द देऊन ठेवला होता, आणि आता तो माणूस दर बाजारी त्यांना चहा पाजत होता.

"आबा, चला ना, ताट वाढं शे," अमृत म्हणाला आणि शिंकला.

"सासरा व्हई ऱ्हायना तू, नाक तर पुस," आबा म्हणाले आणि नाइलाजाने आत गेले. बसले मात्र अशा जागी की पिशवी दिसत राहील.

वाढायला शीलाबाई होत्या. या झिपरूआबांच्या बायको, आणि सध्या नवऱ्याच्या पक्षात होत्या, कारण कळसाडीच्या बागायतदाराने त्यांनाही पपई पाठवली होती.

*

नोजीबाईंना घर आवडलं होतं. हे त्यांनी तोंडावर दिसू दिलं नाही, कारण मुलाच्या आईने इतक्या लवकर खूश व्हायचं नसतं. अंगण सारवल्यासारखं स्वच्छ, पाणी गाळून ठेवलेलं, कांद्याचा वास नाही. बिचाऱ्यांनी कालपासून घर धुतलेलं दिसत होतं. पोरगी नजरेला नजर देऊन बोलत होती, तेही बरं वाटलं.

मग ताट आलं.

"काकू, हाई मटकी," स्वप्नाली उत्साहाने सांगू लागली. "मम्मीनी गावठी मटकीले मोड आनात. ती सांगस, मोड उना म्हंजे दानामा जीव उना. हाई मोडना मुगनी कोशिंबीर. भातमा मोडना हरभरा शेतस. खीर बी मोडनी नागलीनी. आन पुऱ्या..."

"पुऱ्या बी?" नोजीबाईंनी हळूच विचारलं.

"मोडना गहूनं पीठ!"

नोजीबाईंचा हात ताटाच्या कडेवर थांबला. त्यांनी शेजारी पाहिलं. जेठमलशेठ डोळे मिटून बसले होते. पलीकडे श्रेणिकने मान इतकी खाली घातली होती की त्याची हनुवटी शर्टाच्या गुंडीला टेकली. हा गधडा बोललाच नाही, नोजीबाईंच्या लक्षात आलं. यांना काही सांगितलंच नाही याने.

"काय व्हयनं, ताई?" छबूबाई दारातून म्हणाली. "मीठ कमी शे का?"

"मीठ बराबर व्हई, बाई. पण आम्ही मोड खातस नही. आमना धर्ममा चालत नही."

अमृतला शिंक आली होती, ती त्याने गिळली.

"पण ही तं जमीनवर येस," छबूबाई केविलवाण्या आवाजात म्हणाली.

"चालो, नोजी," जेठमलशेठ उठले. ते मुळातच कमी बोलायचे, आणि रागावले की त्याहून कमी. "घर जावाँ."

झिपरूआबांना मनोमन वाटलं, मारुतीराया पावला. पिशवी उचलली गेली, नारळ आतच, काम फत्ते. ते समाधानाने मिशीला हात लावणार तोच त्यांची नजर ताटांवर गेली. भरलेली ताटं. एकाही पाहुण्याने घास मोडला नव्हता. आणि कुंपणावरून शेजारच्या बायका बघत होत्या. उद्या लोणखेड्यापासून पार कळसाडीपर्यंत बोभाटा होणार, झिपरू पाटलाच्या घरून पाहुणा उपाशी उठला. सोयरीक मोडावी ही त्यांची इच्छा होती, पण अशी नाही. जेवून, ढेकर देऊन, मग मोडावी.

ते ताडकन उठले, बाहेर गेले, ट्रॅक्टर चालू केला आणि फाटकात आडवा लावून चावी खिशात टाकली.

"बसा, शेठ," परत येऊन ते म्हणाले. "आमना घरना पाव्हना भरेल ताटवरतीन उठीसन जास नही. तुमले काय चालस ते सांगा. नही सांगं तर आज आठेच मुक्काम."

शीलाबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. सकाळपासून या माणसाच्या नादी लागून त्यांनी छबूबाईशी तुटक बोलणं ठेवलं होतं. आता नक्की कोणत्या पक्षात राहायचं तेवढं तरी सांगा, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

*

स्वप्नालीला या सगळ्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती फक्त श्रेणिककडे बघत होती.

तिची त्याची ओळखच मोडामुळे. दुकानाच्या गल्लीत ती डबे द्यायची आणि तो रोज दारात उभा असायचा. लिंबू पिळलेले मूग तो असा खायचा की तिला वाटायचं, या गावात एकाला तरी आपली विद्या कळते. त्या एका गिऱ्हाइकावर तिने निम्मा आत्मविश्वास उभा केला होता.

"दोन वरीस तू मन्हा डबा खाई ऱ्हायना," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "मी तुले फोनवर इतलं विचारं. तू माले हाई काबर सांगं नही?"

श्रेणिक शर्टाची गुंडी फिरवू लागला.

"कोनता डबा?" जेठमलशेठ म्हणाले आणि पुन्हा खाली बसले.

"बापूजी, ते..."

"मोडना खास तू?"

"हो."

"कांदा?"

"मिसळवर. वरून टाकतस तितलाच."

"लसून?"

"तर्रीमा ऱ्हास, बापूजी. तो वेगळा काढता येस नही."

"बटाटा?"

"वडा व्हयना तर..."

जेठमलशेठांना आता सगळंच उमगत गेलं. "म्हनून तू दुकानमा दिवसभर बडीशेप चावस!"

"त्याले काय विचारतस," नोजीबाई मध्येच म्हणाल्या. "त्याना शर्टवरना तर्रीना डाग कोन धोस? मी. पोऱ्या कालेजमा गया तैपासून धुई ऱ्हायनू."

"तुले माहीत व्हतं? मग माले काबर सांगं नही?"

"तुम्ही विचारं का?"

यावर अमृतने दाबून ठेवलेली शिंक सुटली आणि त्या निमित्ताने सगळ्यांना जरा हलता आलं. स्वप्नालीला मात्र हसू येत नव्हतं. तिला राग त्याच्या खाण्याचा नव्हताच. तिच्या आईने स्वेटर पांघरून वाढवलेली मटकी ताटात अपराध्यासारखी पडली होती, आणि हा एक वाक्य बोलला असता तर ते टळलं असतं. विचारल्याशिवाय न बोलणाऱ्या माणसाशी संसार म्हणजे रोज सकाळी उठून उलटतपासणी घेणं. तिला एकदम रडू आलं आणि ती परसात निघून गेली.

*

नोजीबाई कुणाला न विचारता स्वयंपाकघरात शिरल्या.

छबूबाई पातेल्यापुढे पाट टाकून बसली होती आणि पदराने डोळे पुसत होती. नोजीबाई वाकल्या, झाकण उचलून त्यांनी आत पाहिलं. शेवटची न शिजवलेली मूठभर मटकी बाजूला फडक्यावर होती, तीही पाहिली.

"काय सुंदर मोड शेतस, बाई," त्या म्हणाल्या. "मी इतला सुंदर कधी देखाच नही. आमना घरमा येऊ देतस नही ना."

"काय करानं सुंदरले," छबूबाई म्हणाली. "तुमले पाप लागस त्यानं."

"तुम्ही पोरीले काय सांगं व्हतं? तिनी मगाशी ताटवर सांगं. दानामा जीव उना, मोड येतस तैं."

"मंग! जीव येसच ना."

"आम्ही बी तेच सांगतस. फरक इतलाच, जीव उना म्हंजे तुम्ही फोडनी देतस, आन आम्ही हात जोडतस."

छबूबाईने वर पाहिलं. आयुष्यभर ती हे वाक्य बोलत आली होती आणि त्याचा असा अर्थ होऊ शकतो हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तिला अपमान वाटायला हवा होता, पण वाटलं वेगळंच. आपल्या मटकीला कुणीतरी आपल्याइतकंच मानतंय, असं काहीसं.

नोजीबाईंनी ओट्यावरची वाटी उचलली. "आन हाई काय?"

"त्या टनक दाना. ना फुगतस, ना शिजतस. पाखरंसले टाकानं."

"हाई तर कोरडू!" नोजीबाई हसल्या. "आमना महाराजसाहेब प्रवचनमा सांगतस. कोरडू मूग. कितला बी शिजाडा, नरम व्हस नही. असा दोन बाहेर बी बसेल शेतस. एक तुमना, एक मन्हा."

छबूबाईला आधी कळलं नाही. मग बाहेर मिशीला पीळ देत बसलेले झिपरूआबा आणि डोळे मिटून बसलेले जेठमलशेठ तिच्या नजरेपुढे आले आणि ती तोंडाला पदर लावून अशी हसली की पातेल्यावरचं झाकण खाली पडलं. काय झालं म्हणून शीलाबाई धावत आल्या, त्यांना सांगितल्यावर त्याही हसल्या, आणि त्या घटकेला त्यांनी पक्ष बदलला. पपई गेली खड्ड्यात.

"तुरनी दाय शे का?" नोजीबाईंनी पदर खोचला. "आन मोड नसेल पीठ?"

पीठ शीलाबाईंच्या घरून आलं, कारण या घरातल्या गव्हाला स्वप्नालीने शिल्लकच ठेवलं नव्हतं. वरण-बट्टी ठरली. बट्टी पाटलांचीही आणि मारवाड्यांचीही, त्यावर भांडण नव्हतं. भांडण होतं सूर्याशी. तो पपईच्या बागेकडे कलायला लागला होता. कणकेच्या बट्ट्या निखाऱ्यावर भाजायच्या म्हणून झिपरूआबांना गोवऱ्या पेटवायला बसवलं.

"आबा, झटकी घ्या," नोजीबाईंनी खिडकीतून हुकूम सोडला. "किडी-मुंगी जळाले नको."

आणि ज्या माणसाने गावात सरपंचाचंही कधी ऐकलं नव्हतं, तो एकेक गोवरी झटकून, फुंकून, उलटसुलट बघून रचू लागला. जेठमलशेठ शेजारी येऊन उभे राहिले. थोड्या वेळाने तेही झटकू लागले. मग दोघांचं पाण्याच्या मोटरींवर बोलणं निघालं आणि दोघांनाही बरं वाटलं.

*

सूर्य बागेला टेकायच्या आत पाहुण्यांच्या पोटात तूप घातलेली बट्टी गेली. जेठमलशेठांनी आणखी एक मागून घेतली. झिपरूआबांनी ते मोठ्याने मोजून कुंपणापलीकडच्या बायकांना ऐकवलं.

हात धुऊन नोजीबाईंनी पिशवी पुढे ओढली आणि लाल कापडातून नारळ काढला. त्यावर रुपया ठेवला. आबांनी मारुतीला मनातल्या मनात एक सणसणीत शब्द हासडला, पण उठले मात्र नाहीत.

"पोरी, आठे बस," नोजीबाई परसातून परत आलेल्या स्वप्नालीला म्हणाल्या. "मन्हा घरना चुलावर मोड शिजाव नही, हाई आज सांगी देस. तुना धंदा बंद कर, असं मी कधी सांगाव नही."

"डबा मी आठेच बनाडसू, मम्मीकडे," स्वप्नाली म्हणाली. "त्यानी अडचन नही, काकू."

"मंग कसानी शे?"

स्वप्नालीने श्रेणिककडे पाहिलं. तो उंबऱ्यावर बसला होता. त्यानेही बट्टी खाल्ली होती, पण खाली मान घालून.

"नारळ जराखा तुमना मांडीवरच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "विचारं का तो खरं बोलस, ते मी देखं. पन माले रोज रोज विचारता येवाव नही."

छबूबाईने लेकीकडे डोळे वटारले. नारळ पिशवीतून बाहेर आला होता, मांडीपर्यंत आला होता, आणि या कार्टीने तिथेच अडवला. अमृतने कपाळाला हात लावला. नोजीबाईंनी मात्र नारळ खरंच मांडीवर ठेवला.

बाहेर सूर्य गेला. शीलाबाईंनी दिवा लावला. काहीतरी करायचं म्हणून छबूबाई उठली आणि उसळीचं पातेलं बाहेर घेऊन आली.

"इतली मटकी," ती कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली. "घरना बठ्ठास्नी बट्टी खादी. हाई आते सकायलोंग आंबी जाई."

श्रेणिक उंबऱ्यावरून उठला. त्याने भिंतीला लावलेलं एक रिकामं ताट घेतलं, वडिलांच्या समोरून चालत आला आणि छबूबाईच्या पुढ्यात मांडी घालून बसला.

जेठमलशेठांनी आधी ताटाकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या अंधाराकडे. "आते दिवस मावळना, बेटा," ते म्हणाले. रागाने नाही, नुसती आठवण करून दिल्यासारखे. त्यांनी काही विचारलं नव्हतं. त्यामुळे मान डोलावून ताट बाजूला ठेवणं सगळ्यांत सोपं होतं.

श्रेणिकने ताट धरून ठेवलं.

"बापूजी," तो म्हणाला, "मी रातले बी जेवस."

हे मात्र नोजीबाईंनाही माहीत नव्हतं. त्यांचे डोळे मोठे झाले. झिपरूआबांची मिशी हलली. आणि स्वप्नालीने आईच्या हातातली पळी घेतली, काठोकाठ भरून त्याच्या ताटात रिकामी केली, आणि ओढणी दोन्ही हातांनी पुढे पसरली.

"द्या, काकू," ती म्हणाली. "नारळ द्या."